शनिवारची कोळंबी

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी दागिना येत नाही, काचेची लिफ्ट येते. खात्यात उभी हयात गेली, दरोडे पाहिले, खून पाहिले, पण या एका तपासाने मला जेवढं कोड्यात टाकलं तेवढं दुसऱ्या कुठल्या तपासाने टाकलं नाही. त्यातली माणसं धुळ्यातच राहतात, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही. जिच्यावर ती वेळ आली होती तिला विचारूनच लिहितो आहे.

तेव्हा मी धुळे शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रात्रपाळीच्या गस्तीचा अहवाल ऐकत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितलं की कापडाचे मोठे शेठ आलेत, फक्त तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. असा माणूस वर्दी देताना आधी दार लावायला सांगतो. यांनीही सांगितलं. मी दार लावलं नाही, पडदा ओढला. बंद दाराआड सांगितलेल्या गोष्टीला पुढे पाय फुटतात, हा माझा अनुभव.

शेठजी राजस्थानातून पिढ्यांपूर्वी खानदेशात आलेल्या जैन घराण्यातले. त्यांच्या पत्नीला घरातले सगळे ‘बाई’ म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. बाईंचा तिमणिया, म्हणजे राजस्थानी बायका गळ्यात घालतात तो जडावाचा दागिना, कपाटातल्या डबीतून नाहीसा झाला होता. बाईंच्या आजीपासून चालत आलेला. थोरल्या सुनेला मूल झालं, बारसं ठरलं, तेव्हा तिच्या गळ्यात घालायला म्हणून थोरल्या मुलाने डबी उघडली तर आत नुसती मखमल.

“शेवटचा कधी पाहिला?” मी विचारलं.

“मुंबईला गेले होते ना, तेव्हा बाईंच्या गळ्यात होता. फोटो आहे.”

बाईंना साठ पूर्ण झाली म्हणून मुलांनी त्यांना मुंबईला समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन दिवस, एका रात्रीच्या मुक्कामाला नेलं होतं. दुकान सोडून शेठजी कुठे जात नसत, थोरली सून बाळंतपणाला माहेरी होती. म्हणून गेले चौघंच: बाई, थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि धाकटी सून. गाडी थोरल्याने स्वतः चालवली. त्याला आता महिना होत आला होता. म्हणजे दागिना मुंबईत गेला, वाटेत गेला की घरात गेला, याचाच पत्ता नव्हता. अज्ञात व्यक्तीविरुद्ध चोरीची फिर्याद लिहून घेतली. उठताना शेठजी हळूच म्हणाले, “साहेब, घरात एकच माणूस बाहेरचं आहे. तुम्ही समजून घ्या.”

मी समजून घेतलं. बाहेरचं माणूस म्हणजे धाकटी सून. वरणगावकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजात असताना धाकट्याने पसंत केलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तरी शेठजींच्या हिशोबी ती अजून उंबऱ्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी महिला शिपाई सोबत घेऊन त्यांच्या घरी जबाब घ्यायला गेलो. गेलो ते मुद्दाम संध्याकाळी. माणसं जेवायच्या घाईत असली की बनवाबनवीला सवड मिळत नाही. सूर्य अजून वर होता, पण स्वयंपाकघरात पानं वाढली जात होती. हे घर चौविहार पाळणारं, सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. बाईंनी तर हयातभराचं पच्चक्खाण, म्हणजे व्रत घेतलेलं, आणि त्यासाठी स्थानकात, म्हणजे जैनांच्या धर्मस्थळात, त्यांचा मोठा मान. जेवणाआधी त्यांनी साखरेच्या आजाराची गोळी घेतली, तेवढं मी पाहून ठेवलं. पोलिसाची नजर वाईटच असते, लोकांच्या औषधांवरही जाते.

मुंबईतल्या त्या रात्रीबद्दल थोरल्याचा जबाब असा: “संध्याकाळी लवकर जेवलो. हॉटेलात जैन जेवणाची वेगळी सोय केलेली होती. मग मी माझ्या खोलीत जाऊन झोपलो.” धाकट्याचा जबाब: “लवकर जेवलो. मग मी हॉटेलच्या हिरवळीवर गाण्यांचा कार्यक्रम होता तिकडे गेलो. बायकोचं डोकं दुखत होतं, ती बाईंपाशी थांबली.” बाईंचा जबाब सगळ्यांत छोटा: “जेवले. झोपले. दागिन्याचं मला काही माहीत नाही.” बोलताना त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

धाकटी सून शेवटी आली. शिकलेली, नीट बोलणारी मुलगी, नोकरीसाठी अर्ज केलेली.

“त्या रात्री तुम्ही कुठे होता?”

“बाईंच्या खोलीत. त्यांचे पाय चेपत होते.”

“खोली सोडून कुठे गेलात?”

तिने आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे पडद्यामागे बाई बसलेल्या दिसत होत्या.

“दागिना तुम्ही घेतलात?”

“मी चोरी केली नाही.”

“मग कुणी केली?”

पुन्हा दाराकडे नजर. शेवटी म्हणाली, “मी चोरी केली नाही, यापुढे मी काही बोलणार नाही साहेब.” जो माणूस एक वाक्य बोलून पुढे काही बोलत नाही, त्याच्या पोटात दुसरं वाक्य असतं, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. माझा संशय पक्का होऊ लागला.

आठवडा गेला असेल. ठाण्याच्या फोनवर एक माणूस बोलला, नाव सांगेना. फोन आमच्या हवालदाराने घेतला. हा धुळे तालुक्यातलाच, घरात अहिराणी बोलणारा. त्याने ऐकलं तसं उतरवून घेतलं: “साहेब, त्या दागिनानं मी सांगस. धाकली वहू चोट्टी शे. मुंबईना हाटेलम्हा काचनी लिफ्टम्हा थैली लिसन वर जाई राहिनी व्हती. दागिना तिना माहेरले शे. बठ्ठास्ले माहीत शे.”

थोडक्यात, धाकटी सून चोर आणि दागिना तिच्या माहेरी. आम्ही दुसऱ्याच दिवशी वरणगावकडे निघालो. आदल्याच दिवशी सुनेलाही सासरच्यांनी ‘चार दिवस माहेरी राहा’ म्हणून तिकडे धाडलं होतं. तिचे वडील केळीचे बागायतदार, खाऊनपिऊन सुखी, गावात त्यांना आबा म्हणत. जीप अंगणात थांबली तेव्हा ते ओट्यावर उभेच होते, जसे काही आमचीच वाट पाहत होते. मी काही विचारायच्या आत आत गेले आणि धोतराच्या जुन्या पानात बांधलेली पुरचुंडी घेऊन आले. सोडली. तिमणिया.

“हे घ्या साहेब,” आबा म्हणाले. “पोरीनं मुंबईहून आल्यावर मले ठेवायले देलं. म्हने, आबा, कोनाले सांगू नका. मी इचारलं, कोनाचं हाये? म्हने, माहंच हाये, पन कसं आलं ते इचारू नका. चोरी नही केली म्हने.” मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “मी यावलकडचे लोक ओयखतो, तुमी तिकडचेच ना? मंग आपल्या मानसावानी सांगा. माही पोरगी चोर हाये का?”

मी यावलकडचाच. त्यांची बोली माझ्या आजोळची बोली. मी मात्र कागद काढले. पंच बोलावले, पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला. मुलगी दाराला टेकून उभी होती. तिला म्हटलं, “आता तरी सांगा. दागिना तुमच्याच वडिलांकडे सापडलाय.” तिने मान हलवली. “शब्द दिलाय,” एवढंच म्हणाली. कुणाला दिलाय ते सांगितलं नाही.

धुळ्याला आलो तर शेठजी आणि थोरला ठाण्यात हजर. मुद्देमाल मिळाला, आता अटक का नाही? कायद्याने त्यांचं चुकत नव्हतं. चोरीचा माल तिच्या ताब्यातून मिळालेला, खुलासा ती देत नाही, न्यायालयात कुणीही हेच विचारलं असतं. अटक झाली की त्या मुलीचं सासर संपलं, नोकरीचा अर्ज संपला, आणि वरणगावच्या त्या ओट्यावर आबांना कुणी राम राम घातला नसता. मी थोडी मुदत मागितली. थोरला तोंडावर म्हणाला, “साहेब, तुमच्या भागातली मुलगी आहे म्हणून का?” मी त्याला बाहेर काढलं. राग आला, कारण हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत होतो.

त्या रागातच मी पुन्हा त्या निनावी फोनचा कागद वाचला. निनावी खबर आली की तिच्यातल्या माहितीआधी खबर देणाऱ्याचा हेतू तपासावा, हा माझा नियम. या वेळी माल मिळाल्याच्या आनंदात तो नियम मागे पडला होता. बोलणारा धुळ्याचा, अस्सल अहिराणीतला. पण तो सांगतो काय, तर मुंबईच्या हॉटेलातली लिफ्ट काचेची होती आणि सून थैली घेऊन वर जात होती. हे याला कसं ठाऊक? मुंबईला गेले फक्त चौघं. म्हणजे हा दुसऱ्याच्या तोंडचं बोलत होता.

फोनचा माग काढणं हल्ली कठीण नाही. निघाला शेठजींच्या दुकानातला जुना नोकर. त्याला बोलावला तर बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, माले काय ठाऊक? मोठा भाऊनी जसं सांगं तसंच मी बोलनू.” मोठा भाऊ म्हणजे थोरला मुलगा.

मला जरा मौज वाटली. ज्याला सून चोर आहे हे उघड सांगता येत होतं, रोज ठाण्यात येऊन जो तेच सांगत होता, त्याने निनावी फोन का करवावा? चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. आता माझी सगळी शंका थोरल्यावर वळली. त्याला बोलावून विचारलं, “लिफ्टमध्ये भावजयीला तुम्ही पाहिलंत?”

तो म्हणाला, “हो. माझ्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यातून.”

“जबाबात तर तुम्ही झोपला होता.”

“झोपायच्या आधी.”

“फिर्यादीत हे का आलं नाही?”

“घरची इज्जत, साहेब.” हे त्याचं उत्तर तयार होतं.

हॉटेलातलं कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं, तर इतक्या दिवसांत ते पुसलं गेलेलं. शेवटी रीतसर परवानगी घेऊन मी आणि आमचा हवालदार मुंबईला गेलो.

अशा हॉटेलात पोलीस साध्या कपड्यांत गेला तरी ओळखू येतो, कारण तोच एकटा वर छताकडे बघत चालतो. दारातला माणूस आमच्या हवालदाराला लवून नमस्कार करू लागला, तर हवालदार मागे वळून कोण साहेब आले ते पाहू लागला. आत एवढं गार की हवालदाराने रुमाल कानाला बांधला. फरशी अशी की तिच्यात आपलंच तोंड दिसावं, मध्येच कारंजं, आणि एक पोरगा पियानो वाजवतो आहे, कुणी ऐकत नसताना. रात्रीच्या जेवणाचा तो प्रकार आधी नुसता फिरून बघावा लागतो. एका टेबलावर गोडाचेच इतके प्रकार की माझ्या मुलीच्या लग्नात नव्हते. एक आचारी समोर उभा राहून पोळी भाजून देतोय, दुसरा बर्फावर मांडलेले मासे दाखवतोय.

“कोन खास हो एवढं बठ्ठं?” एवढं सगळं खातं तरी कोण, असं हवालदार कानाशी विचारत होता. “साहेब, आठे त पानी बी काचना बाटलीम्हा शे.”

व्यवस्थापक सभ्य माणूस होता, पण घाबरलेला. त्याने आम्हाला त्या चौघांच्या खोल्यांचा मजला दाखवला. मी थोरल्याच्या दाराबाहेर उभा राहिलो. लिफ्ट तिथून दिसतच नव्हती. व्हरांडा वळून गेल्यावर लिफ्टचं दार, आणि तेही पोलादी, आरपार काही न दिसणारं. “काचेची लिफ्ट कुठली मग?” मी विचारलं. तो म्हणाला, “हीच साहेब. हिची मागची बाजू काचेची आहे. जेवणाऱ्या पाहुण्यांना ती वर-खाली जाताना दिसते, शोभेसाठी.” आणि ती बाजू फक्त खालच्या मोठ्या भोजनगृहातून दिसते.

मी भोजनगृहात खुर्ची घेऊन बसलो आणि ती लिफ्ट वर-खाली जाताना पाहत राहिलो. पंचतारांकित खुर्चीत बसून माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. दागिना वर होता, बाईंच्या खोलीत. चोरी करणारा माणूस तो घेऊन खाली येईल, किंवा तिथल्या तिथे आपल्या खोलीत नेईल. हातात थैली धरून तो खालून वर कशाला जाईल?

परत आल्यावर मी थोरल्याला चहाला बोलावलं. जबाब नाही, नुसता चहा. हवालदार कोपऱ्यात काहीतरी लिहीत बसला. मी हॉटेलचं कौतुक सुरू केलं. कारंजं, पियानो, गोडाचं टेबल. त्याला बरं वाटत होतं. पंचतारांकित हॉटेलात राहून आलेल्या माणसाला त्याबद्दल बोलणारा दुसरा माणूस भेटला की तो सैल होतो. मग मी सहज म्हणालो, “पण नाव मोठं, लक्षण खोटं. एवढे मासे मांडलेले, आणि कोळंबी औषधालासुद्धा नाही. आमचे हवालदार फार हिरमुसले.”

“कोळंबी शनिवारीच असते साहेब,” थोरला म्हणाला.

हवालदाराचं पेन थांबलं. मी चहाचा घोट घेतला. त्या चौघांच्या मुक्कामाची रात्र शनिवारचीच होती. थोरल्याच्या हातातला कप तसाच राहिला आणि चेहऱ्याचा रंग उतरला. चौविहार पाळणाऱ्या, कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातल्या थोरल्या मुलाला कोळंबीचा वार ठाऊक होता.

“बाबूजींना कळलं तर मला घरात घेणार नाहीत,” तो म्हणाला. आवाज पार लहान झाला होता.

“मला तुमच्या ताटाशी काही कर्तव्य नाही,” मी सांगितलं. “मला लिफ्टशी आहे.”

मग सगळं बाहेर आलं. सगळे झोपले असं समजून तो खाली जेवायला बसला होता. समोर काचेच्या लिफ्टमध्ये धाकट्याची बायको वर जाताना दिसली. ओळखीचं कुणी पाहू नये म्हणून तोवर याने मान खालीच घातली होती, म्हणून ती त्याआधी कुठे होती ते त्याला दिसलंच नाही. दागिना गेल्यावर त्याला प्रामाणिकपणे वाटलं की चोर तीच. दागिना माहेरी असेल हा त्याचा नुसता अंदाज. पण कुठून पाहिलं हे सांगायची सोय नाही, म्हणून नोकराकडून फोन. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा पुढचा प्रकार: भांडं लपवायचं, आणि ताक दुसऱ्याच्या नावाने मागायचं.

“थैली कशी धरली होती तिनं?” मी विचारलं.

त्याने आठवून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. “अशी. सरळ. सांभाळून.”

“दुधाचं भांडं नेतात तशी?”

“हो, तशीच.”

दागिना कुणी असा नेत नाही. हिंदकळणारी वस्तू असा माणूस नेतो. नवरा गाण्याच्या कार्यक्रमात, दीर खाली भोजनगृहात. त्या मजल्यावर जेवायला उरलं होतं कोण? एकच माणूस, आणि त्या माणसाच्या जेवणाआधीच्या गोळीवर माझी वाईट नजर पहिल्याच दिवशी गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी महिला शिपाई घेऊन बाईंकडे गेलो आणि त्यांच्याशी एकट्याने बोलायचं आहे असं शेठजींना सांगितलं. बाई माळ ओढत बसल्या होत्या. मी लांबून बसलो.

“बाई, उद्या तुमच्या धाकट्या सुनेला अटक करावी लागेल. कागद तयार आहेत.”

त्यांचे ओठ हलत होते, माळ थांबली नाही.

“त्या रात्री तिनं खालून तुमच्यासाठी काय आणलं होतं?”

माळ थांबली.  मग त्यांनी एकच विचारलं, “तिनं सांगितलं?”

“नाही. तिनं अजून एक अक्षर सांगितलेलं नाही. वडिलांनाही नाही. सांगितलं असतं तर मला मुंबईपर्यंत जावं लागलं नसतं.”

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडू लागल्या. मी अनेकांना रडताना पाहिलं आहे, खरं आणि खोटं. हे रडणं पाहवत नव्हतं.

त्या रात्री त्यांना घाम फुटला, हातपाय कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनेने ओळखलं, कारण तिच्या आजीला हाच आजार होता. खोलीतल्या चहाच्या सामानातली साखर पाण्यात घालून तिने ती जबरदस्तीने पाजली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, काहीतरी पोटात जायला हवं होतं. ती फोनवरून खोलीत मागवणार होती, तर बाईंनी तिचा हात धरला. वेटर आला तर थोरला जागा होईल, बिलात लिहून येईल, शेठजींना कळेल, स्थानकात कळेल. इतक्या वर्षांचं पच्चक्खाण. म्हणून ती मुलगी खाली जाऊन, रोख पैसे देऊन पोळी आणि वाटीभर खीर थैलीत सांभाळून घेऊन आली, आणि बाईंना तिने हाताने भरवलं.

“जीव वाचवला तिनं माझा,” बाई म्हणाल्या. “मी गळ्यातला काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, हा तुझा. पण आत्ता घरात दाखवू नको, माहेरी ठेव. आणि शपथ घे, आजची गोष्ट कुणाला सांगणार नाही.”

“मग डबी रिकामी निघाली तेव्हा?”

“एकदम सगळे ओरडायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, माहीत नाही. एकदा निघून गेलं, मग मागे कसं घेऊ? दागिना तिला का दिला, हे सांगावं लागलं असतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “वाटलं, तुम्ही दागिना परत आणाल आणि प्रकरण मिटेल.”

मी रागाने बोललो, ते लिहायला हरकत नाही. म्हणालो, “बाई, आजारात औषध म्हणून घेतलेल्या घासाचं तुम्हाला प्रायश्चित्त सापडलं असतं. या मुलीच्या बदनामीचं कुठे शोधणार होता?”

त्या उठल्या, दार उघडलं आणि शेठजींना आणि दोन्ही मुलांना आत बोलावून, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. शेठजी खाली बसले. थोरल्याच्या तोंडून आधी काय निघावं? “तू रात्री खाल्लंस, बाई?” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मान खाली घातली, त्या रात्री घातली होती तशीच.

जबाब नोंदवायला आबा सुनेला घेऊन स्वतःहून ठाण्यात आले. बाईंचा जबाब कायद्याप्रमाणे घरीच झाला होता, त्यांना यायची गरज नव्हती. तरी त्या धाकट्या मुलाला घेऊन आल्या. आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढल्या असतील. सूर्य कलायला आला होता, त्यांच्या जेवणाची वेळ. ठाण्यात शिपाई होते, वर्दी द्यायला आलेली चार माणसं होती. सगळ्यांसमोर बाईंनी सुनेपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, “मिच्छामि दुक्कडं.” वर्षातून एकदा जैन माणसं एकमेकांची क्षमा मागताना हे म्हणतात. सासूने सुनेपुढे असे हात जोडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

मुलगी बाकावरून उठली. ती रडेल, पाया पडेल, असं मला वाटलं. तिने बाईंचे जोडलेले हात धरून खाली केले.

“मी रोज वाट पाहत होते, बाई,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी साहेबांनी विचारलं की मी दाराकडे बघायचे. वाटायचं, आता तुम्ही बोलाल.”

 धाकटा बायकोजवळ येऊन म्हणाला, “घरी चल.”

“येईन,” ती त्याच्याकडे न बघता, बाईंनाच म्हणाली. “पण पुन्हा रात्री तुम्हाला चक्कर आली, तर मी थैली घेऊन लपून जाणार नाही. सगळ्या घराला हाका मारून उठवीन.”

आबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, “चला, च्या पाजा आता साहेब.” फिर्याद गैरसमजातून झाली म्हणून मी न्यायालयात ‘क’ समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवला. मुद्देमाल रीतसर सुटला. तिमणिया आज कुणाच्या गळ्यात आहे ते मी विचारलेलं नाही.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, साहेब, खोटं बोलणारा माणूस तुम्हाला लगेच कळत असेल. कळतो. त्या घरात दोन माणसं खोटं बोलली आणि दोघंही मला सापडली, कारण खोट्याला कुठून ना कुठून कोळंबीचा वास येतोच. दोघांचंही खोटं चोरीसाठी नव्हतं, एका घासाच्या लाजेसाठी होतं, आणि माणूस लाजेपायी दुसऱ्याचा संसार मोडू देतो, हे मी तिथे शिकलो. पण गप्प बसलेल्याला कसं ओळखायचं, ते खात्याने मला शिकवलं नव्हतं. चौकशीत माणूस वारंवार दाराकडे बघायला लागला की आम्ही समजतो, हा पळायचं बघतोय. ती मुलगी दाराकडे बघत होती, कारण तिला वाटत होतं की आतून कुणीतरी येऊन तिच्या बाजूने एक शब्द बोलेल.

ते बोलायला बाईंना महिना लागला. काही घरांत ते कुणीच बोलत नाही, आणि मुली चोर म्हणून माहेरी परत जातात.